शब्द म्हणतो लाल, शाई म्हणते हिरवी: मेंदू कुणाचं ऐकतो?

गिरगावातली खोताची वाडी म्हणजे रंगीत लाकडी घरांची गल्ली. तिथून चालताना घरांचे रंग मोठ्याने सांगा, सहज जमेल.

आता हे करून बघा. हिरव्या स्केचपेनने ‘लाल’, निळ्याने ‘पिवळा’, लाल स्केचपेनने ‘हिरवा’ असे वीसेक शब्द लिहा. शब्द वाचायचा नाही, फक्त शाईचा रंग पटापट सांगायचा. जीभ अडखळतेच! जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ मध्ये मांडलेला हाच तो ‘स्ट्रूप परिणाम’.

१९९० मध्ये कोहेन, डनबार आणि मॅक्लेलंड यांनी याचं संगणकीय मॉडेल बनवलं. त्यात दोन वाटा आहेत: शब्द वाचण्याची आणि रंग सांगण्याची. मॉडेलला वाचनाचा सराव जास्त दिला, म्हणून ती वाट बळकट झाली. ‘रंग सांग’ ही सूचना दुबळ्या वाटेला जोर देते. उत्तर बरोबर येतं, पण उशिरा. उलट, शब्द वाचताना शाईचा रंग फारसा आड येत नाही. माणसांतही अगदी असंच दिसतं!

२००१ मध्ये बॉटविनिक आणि सहकाऱ्यांनी पुढचा भाग जोडला. दोन उत्तरं एकदम जोर धरू लागली की त्यांच्यातली रस्सीखेच मोजली जाते आणि त्या प्रमाणात लक्ष वाढवलं जातं. म्हणूनच एका अवघड शब्दानंतरचा दुसरा अवघड शब्द थोडा सोपा जातो.

घरात अक्षरओळख नसलेलं पिल्लू असेल तर त्यालाही रंग विचारा. ते अडखळणार नाही, कारण त्याची वाचनाची वाट अजून तयारच झालेली नाही!

#मेंदूविज्ञान #खोताची_वाडी