गाडीला जागा आणि टोपलीला दंडुका!

वसई रोड, नालासोपारा, विरार. यापैकी कोणत्याही स्टेशनबाहेर सकाळी सात वाजता उभे राहा. दुकानांची शटर्स अजून खाली असतात, पण दुकानांसमोरची जागा केव्हाच भरलेली असते. मोटारसायकली आणि स्कूटर एकमेकींना खेटून उभ्या. त्यांचे मालक चर्चगेट लोकलच्या दारात लटकून कामावर गेलेले. ते रात्री आठ-नऊला परततील, तोवर ती जागा त्यांची. दहा वाजता दुकानदार शटर वर करतो तेव्हा गिऱ्हाईकाला दुकानात शिरायला वाट नसते. संध्याकाळी पालिकेची गाडी येते आणि उचलते कोणाला? पारोळ-भाताणेकडून पहाटे निघून रानभाजी घेऊन आलेल्या आदिवासी बाईला, अर्नाळ्याच्या कोळणीला, गुडघ्यावर सुईदोरा धरून चपला शिवणाऱ्या आपल्या माणसाला! 'रहदारीला अडथळा' या सदरात टोपली बसते, बारा तास उभी असलेली गाडी बसत नाही.

'स्टेशनजवळ स्वस्त पार्किंग द्या, म्हणजे धंदा वाढेल', अशी व्यापाऱ्यांची मागणी असते. ती सरसकट चुकीची आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण स्वस्त कोणासाठी आणि धंदा कोणाचा, हे विचारल्याशिवाय तिच्यावर सही करता येत नाही.

आधी मोटारसायकलवाल्याचे बघू. तो काही धनदांडगा नाही, आपल्याच घरातला आहे. नालासोपारा पूर्वेच्या आतल्या गल्लीत त्याची खोली असते, तिथपर्यंत बस धड पोहोचत नाही. दोन वेळचे शेअर रिक्षाचे भाडे महिन्याला जोडले तर हप्त्याची गाडी त्याला परवडते. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजार होती, आणि त्यानंतरही इमारती थांबलेल्या नाहीत. एवढ्या लोकांना घरापासून स्टेशनपर्यंत नेणारी भरवशाची बस नसेल, तर दोष गाडी ठेवणाऱ्याचा कसा? त्याला स्वस्त वाहनतळ हवाच. पण तो स्टेशनपासून चार पावले दूर असला, बहुमजली असला तरी चालेल. बाजाराच्या ऐन तोंडावरची जागा बारा तास अडवून त्याला ती देणे हा दुकानदारावरही अन्याय आहे.

व्यापाऱ्याचे खरे हित कशात आहे? दुकानासमोर एकच गाडी दिवसभर उभी राहिली तर त्या जागेने एकही गिऱ्हाईक दिले नाही. तीच जागा दर अर्ध्या तासाला मोकळी होत राहिली तर दहा तासांत वीस गिऱ्हाइके आली. डोनाल्ड शूप या अमेरिकन प्राध्यापकाने २००५ साली फुकट पार्किंगच्या महागड्या किमतीवर एक जाडजूड ग्रंथच लिहिला. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना शहराच्या जुन्या, ओस पडत चाललेल्या बाजारात १९९३ मध्ये पार्किंगचे मीटर बसले. तेथील व्यापारी आधी विरोधात होते. पण मीटरचा पैसा त्याच बाजाराच्या पदपथांवर, दिव्यांवर, झाडांवर खर्च करायचे ठरले, तेव्हा विरोध मावळला आणि बाजारही उठून उभा राहिला. कॅनडात टोरांटोच्या ब्लूअर स्ट्रीटवरच्या पाहणीचा अहवाल २००९ साली आला, तेव्हा मोटारीने येणारे गिऱ्हाईक जेमतेम दहा टक्के निघाले. आमची वसई म्हणजे टोरांटो नव्हे, हे कबूल. पण जिथे घरोघरी मोटारी आहेत तिथे ही स्थिती, तर आमच्या स्टेशन रोडवर पिशवी घेऊन चालत येणारी बाईच खरे गिऱ्हाईक आहे, हे दुकानदाराने गल्ल्यावर बसून एक दिवस मोजले तरी त्याला कळेल.

आता जागेचा हिशेब. एका मोटारीला उभे राहायला साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. मुंबईच्या फेरीवाल्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या आदेशाने एका फेरीवाल्याला एक मीटर बाय एक मीटर जागा ठरवली होती. एका मोटारीच्या जागेत बारा कुटुंबांची पोटे! समजा मोटारीला तासाला वीस रुपये लावले, तर बारा चुलींची जागा वीस रुपयांत गेली. आणि लावलेच नाहीत, तर फुकटात गेली. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने स्पष्ट म्हटले आहे की, शहरातील जमीन मोलाची आहे आणि पार्किंगच्या शुल्कात त्या जमिनीची खरी किंमत दिसली पाहिजे. धोरण कागदावर राहिले. मोटारवाल्याचा आवाज मोठा असतो.

आणि कायदा काय सांगतो? ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत वाहनतळ आणि बसथांबे ही नागरी सुविधा म्हणून एकाच ओळीत नोंदली आहेत. पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा सांगतो की, सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही उठवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असले पाहिजेत, हेही त्यातच आहे. त्याआधी १९८९ मध्ये सोदान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावर विक्री करणे हा वाजवी बंधनांसह मूलभूत हक्क मानला. मग २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मेली आणि त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने स्टेशनपासून दीडशे मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. गर्दीत माणूस मरू नये हे आम्हालाही मान्य आहे. पण त्या दीडशे मीटरमध्ये टोपली धोकादायक ठरते आणि पैसे घेऊन उभ्या केलेल्या गाड्यांच्या रांगा सुरक्षित ठरतात, याचे गणित कोणी मांडून दाखवावे!

आमच्या वाचकाला रस्त्याचे मोल वेगळे सांगायला नको. बाबासाहेबांनी घटनेच्या १५ व्या कलमात दुकाने, विहिरी, तलाव यांच्या जोडीला रस्ते मुद्दाम घालून घेतले, ते उगाच नाही.

सोपाऱ्याचेच पाहा. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथला स्तूप उकरून काढला, आणि बौद्ध वाङ्मयातला पूर्ण हा व्यापारी याच शूर्पारकाचा. जगाचा माल उतरवणारे हे बंदर होते. त्या गावात आज भाजीवालीला बसायला हातभर जागा नाही.

जागा गेली कुठे? वसई-विरारच्या विकास आराखड्यात आरक्षणे होती. नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखलेल्या जमिनीवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२५ च्या सुरुवातीपर्यंत त्या पाडल्या गेल्या आणि रस्त्यावर आली ती घरे विकत घेणारी गरीब कुटुंबे. जिथे कचऱ्याच्या नावाची जमीन सुटली नाही, तिथे वाहनतळाची सुटेल? ज्या इमारतींच्या खाली गाड्यांसाठी जागा मोकळी ठेवायला हवी होती, तिथे गाळे निघालेले तुम्ही-आम्ही रोज पाहतो. त्या इमारतींतल्या गाड्या मग रस्त्यावर उतरतात. बिल्डरने विकलेल्या पार्किंगची भरपाई सार्वजनिक रस्ता करतो, आणि त्या रस्त्याची भरपाई टोपली करते.

२००९ मध्ये महापालिका झाली. २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा कारभार चालला. रस्त्यावर कोणी बसायचे आणि कोणी उठायचे हे तेव्हा कोणत्या सभागृहात ठरले?

आमची मागणी साधी आहे. कामगाराच्या दुचाकीला स्टेशनपासून थोड्या अंतरावर नाममात्र दरात मासिक पास द्या. बाजारात अर्ध्या तासाची दुचाकी फुकट असू द्या, पुढे पैसे घ्या. मोटारीला पुरेपूर दर लावा. पांढरे पट्टे मारण्याआधी विक्रेत्यांच्या जागा आखा, नंतर नव्हे. वसुलीचा पैसा त्याच रस्त्यावरच्या बाकड्यांवर, पाण्यावर आणि बायकांच्या मुतारीवर खर्च करा. सकाळी आठला बसलेली बाई संध्याकाळपर्यंत पाणी पीत नाही, कारण जायला जागा नसते. वसुलीचे काम गुंड पोसणाऱ्या ठेकेदाराऐवजी महिला बचत गटांना द्या. गेल्या पावसाळ्यात एका वाहनतळावर मी दर विचारला, तर पोऱ्या म्हणाला, "साहेब, द्या की जे असेल ते." पावतीवर आकडाच छापलेला नव्हता!

तेव्हा कार्यकर्त्यांनी मोर्चाआधी एक काम करावे. माहिती अधिकाराचा अर्ज लिहावा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही लागत नाही. आपल्या प्रभागातल्या प्रत्येक पे अँड पार्कच्या ठेक्याची प्रत, मंजूर दरपत्रक आणि मागच्या बारा महिन्यांचा जमा-खर्च मागावा. वेगळ्या अर्जाने पथविक्रेत्यांच्या सर्वेक्षणाची यादी आणि नगर पथविक्रेता समितीच्या बैठकांची इतिवृत्तेही मागावीत. उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. उत्तर आले की दोन्ही कागद शेजारी ठेवून स्टेशनबाहेरच्या बायकांना वाचून दाखवावेत.