साथीचा प्रारंभीचा प्रसार आणि टाळेबंदीचे शिथिलीकरण : कोविड-१९ च्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

चीनमधील वुहान शहरात अज्ञात कारणाने होणाऱ्या न्यूमोनियाचे रुग्ण आढळल्याची माहिती ३१ डिसेंबर २०१९ रोजी जागतिक आरोग्य संघटनेपर्यंत पोहोचली. २३ जानेवारी २०२० रोजी वुहान शहर बंद करण्यात आले. ११ मार्च २०२० रोजी संघटनेने कोविड-१९ ही जागतिक महासाथ असल्याचे जाहीर केले आणि त्यानंतर थोड्याच काळात जगातील बहुसंख्य देशांत टाळेबंदी अथवा तत्सम निर्बंध लागू झाले. टाळेबंदी लागू करण्याचा निर्णय अवघड होता, परंतु ती केव्हा, कोठे आणि कोणत्या क्रमाने उठवावी हा प्रश्न त्याहून अवघड ठरला. याचे मूळ कारण असे की, शासनापुढे असलेली आजची रुग्णसंख्या ही वस्तुतः दहा ते पंधरा दिवसांपूर्वीच्या प्रसाराची संख्या असते. प्रारंभीचा प्रसार ज्या कारणाने दृष्टिआड राहतो, त्याच कारणाने शिथिलीकरणाचे परिणामही उशिरा दिसतात. या दोन प्रश्नांमधील हा संबंध स्पष्ट करणे, हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

प्रारंभीचा प्रसार दृष्टिआड का राहतो?

सार्स-कोव्ह-२ या विषाणूची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच दिवस लागत असत. काही व्यक्तींत हा काळ चौदा दिवसांपर्यंत जाई. लक्षणे दिसल्यानंतर चाचणी, तपासणीचा निष्कर्ष आणि शासकीय नोंद यांत आणखी काही दिवस जात. प्रकृती गंभीर होऊन रुग्ण अतिदक्षता विभागात पोहोचेपर्यंत बहुधा आणखी एक आठवडा उलटलेला असे. शिवाय लक्षणे दिसण्यापूर्वी एक-दोन दिवस बाधित व्यक्तीकडून इतरांना लागण होऊ शकत असे आणि काही बाधितांना लक्षणे मुळीच नसत. २००२-०३ मधील सार्सच्या साथीत रुग्ण प्रामुख्याने आजारी पडल्यानंतरच संसर्ग पसरवीत असल्याने त्यांना वेळीच वेगळे करणे शक्य झाले. नव्या विषाणूबाबत ही सोय उरली नाही.

इटलीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. लोम्बार्डी प्रांतातील कोदोन्यो या लहान गावात स्थानिक संसर्गाचा पहिला रुग्ण फेब्रुवारी २०२० च्या तिसऱ्या आठवड्यात निदर्शनास आला. मागाहून झालेल्या तपासात असे दिसून आले की, विषाणू त्या प्रांतात कित्येक आठवडे आधीपासून पसरत होता. म्हणजे ज्याला 'पहिला रुग्ण' म्हटले गेले, तो केवळ ओळखला गेलेला पहिला रुग्ण होता.

भारतातील पहिल्या रुग्णाची नोंद ३० जानेवारी २०२० रोजी केरळमध्ये झाली, तर महाराष्ट्रातील पहिले रुग्ण ९ मार्च रोजी पुण्यात आढळले. आरंभी चाचण्या प्रामुख्याने परदेशातून आलेल्या व्यक्ती आणि त्यांचे निकटचे संपर्क यांपुरत्याच मर्यादित होत्या. श्वसनविकाराने रुग्णालयात दाखल झालेल्या सर्व गंभीर रुग्णांची चाचणी करण्याचे धोरण मार्चच्या उत्तरार्धात आले. जे शोधलेच जात नाही ते आकडेवारीत दिसत नाही, ही साधी बाब येथे ध्यानात घेणे आवश्यक ठरते.

पुनरुत्पादन अंकाचा अर्थ :

एका बाधित व्यक्तीपासून सरासरी किती नव्या व्यक्तींना लागण होते, हे दर्शविणाऱ्या संख्येस पुनरुत्पादन अंक अथवा 'आर' असे संबोधले जाते. कोणतेही निर्बंध नसताना या विषाणूचा अंक सुरुवातीच्या बहुतेक अंदाजांनुसार दोन ते तीनच्या दरम्यान होता. एका पिढीतून दुसऱ्या पिढीत संसर्ग जाण्यास साधारण पाच दिवस लागतात असे मानल्यास, ३० दिवसांत सहा पिढ्या होतात. आरंभी १०० बाधित असल्यास सहाव्या पिढीतील नव्या बाधितांची संख्या 'आर' ०.८ असताना सुमारे २६, १.२ असताना सुमारे २९९ आणि २.५ असताना २४ हजारांहून अधिक येते. एकाच्या अल्याड आणि पल्याड असलेला थोडासा फरक महिन्याभरात किती मोठा होतो, हे यावरून स्पष्ट होते.

भौतिकशास्त्राच्या पदवीधर असलेल्या जर्मनीच्या तत्कालीन चान्सेलर अँगेला मर्केल यांनी १५ एप्रिल २०२० रोजी हेच गणित जनतेपुढे मांडले. 'आर' १.१ झाल्यास देशाच्या आरोग्यव्यवस्थेची क्षमता ऑक्टोबरमध्ये संपेल, १.२ झाल्यास जुलैमध्ये आणि १.३ झाल्यास जूनमध्ये, असे त्यांनी सांगितले.

मात्र सरासरी हे संपूर्ण सत्य नव्हे. अनेक अभ्यासांच्या अंदाजानुसार सुमारे २० टक्के बाधितांकडून सुमारे ८० टक्के संसर्ग होत होता. उर्वरितांपैकी अनेकांकडून कोणालाच लागण होत नव्हती. बंदिस्त, कोंदट आणि गर्दीची ठिकाणे या विषमतेस विशेष कारणीभूत ठरली. त्यामुळे सरासरी अंक एकाच्या खाली असतानाही एखाद्या ठिकाणी मोठा उद्रेक होणे शक्य होते.

शिथिलीकरणाचे अनुभव :

दक्षिण कोरियाने सर्वंकष टाळेबंदीऐवजी व्यापक चाचण्या आणि संपर्कशोध यांवर भर दिला होता. ६ मे २०२० रोजी तेथील निर्बंध सौम्य करण्यात आले. त्याच सुमारास सेऊलमधील इतेवॉन भागातील नाइट क्लबांशी निगडित उद्रेक उघडकीस आला आणि अवघ्या काही दिवसांत शहरातील असे क्लब पुन्हा बंद करावे लागले. तथापि, संपर्कात आलेल्या हजारो व्यक्तींच्या चाचण्या तातडीने झाल्याने हा उद्रेक देशव्यापी लाटेत परिवर्तित झाला नाही.

जर्मनीत २० एप्रिलपासून लहान दुकाने उघडण्यात आली. ६ मे रोजी व्यापक शिथिलतेसोबतच एक अट घालण्यात आली : एखाद्या जिल्ह्यात सात दिवसांत दर एक लाख लोकसंख्येमागे ५० हून अधिक नवे रुग्ण आढळल्यास तेथे निर्बंध पुन्हा लागू करावेत. जूनमध्ये ग्यूटर्सलो जिल्ह्यातील एका मांसप्रक्रिया कारखान्यात हजाराहून अधिक कामगार बाधित आढळले, तेव्हा संपूर्ण देश न थांबवता त्या परिसरापुरतेच निर्बंध परत आणले गेले. शिथिलीकरणासोबतच माघारीचा मार्गही आधीच आखलेला असावा, हा यातील बोध आहे.

भारत आणि महाराष्ट्र :

भारतात २५ मार्च ते ३१ मे २०२० या काळात चार टप्प्यांत देशव्यापी टाळेबंदी राहिली. या काळात चाचणी प्रयोगशाळा, खाटा आणि संरक्षक साहित्य यांची क्षमता वाढविता आली. परंतु टाळेबंदीचा भार सर्वांवर समान नव्हता. रोजगार आणि निवारा गमावलेले लक्षावधी स्थलांतरित मजूर पायी गावाकडे निघाले. ८ मे २०२० रोजी औरंगाबादजवळ करमाड येथे रेल्वेमार्गावर झोपलेल्या १६ मजुरांचा मालगाडीखाली मृत्यू झाला. शिथिलीकरणास होणाऱ्या विलंबाचीही किंमत असते आणि ती रुग्णसंख्येच्या तक्त्यात नोंदली जात नाही, याचे हे विदारक उदाहरण होय.

टाळेबंदीचे संरक्षणही समान नव्हते. जुलै २०२० मध्ये मुंबईतील तीन प्रभागांत झालेल्या रक्तद्रव सर्वेक्षणात झोपडपट्ट्यांतील सुमारे ५७ टक्के, तर अन्य वस्त्यांतील सुमारे १६ टक्के व्यक्तींमध्ये प्रतिपिंडे आढळली. दहा फुटांच्या खोलीत राहणाऱ्या आणि सार्वजनिक शौचालय वापरणाऱ्या कुटुंबास 'घरी थांबा' या सूचनेचा उपयोग मर्यादितच होता. धारावीत म्हणूनच घरोघरी तपासणी, ताप दवाखाने आणि शाळांसारख्या इमारतींत संस्थात्मक विलगीकरण या उपायांवर भर द्यावा लागला.

निर्बंधांच्या निकषांतही बदल घडला. मे २०२० मधील हिरव्या क्षेत्राचा एक निकष 'गेल्या २१ दिवसांत एकही रुग्ण नाही' असा होता. जेथे चाचण्याच कमी, तेथे रुग्णही कमी दिसणार, ही या निकषातील उणीव होती. दुसऱ्या लाटेनंतर जून २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने पाच स्तरांची रचना स्वीकारली. तीत चाचण्यांपैकी बाधित निघण्याचे प्रमाण आणि भरलेल्या प्राणवायू खाटांचे प्रमाण हे दोन निकष एकत्र होते. पहिला निकष शोध पुरेसा आहे की नाही हे सांगतो, तर दुसरा व्यवस्थेत किती अवकाश शिल्लक आहे ते.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. प्रारंभीची नोंदलेली रुग्णसंख्या ही प्रसाराची किमान मर्यादा असते, त्याचे मोजमाप नव्हे.

२. शिथिलतेचा परिणाम दिसण्यास किमान दोन आठवडे लागत असल्याने दोन टप्प्यांमध्ये तेवढे अंतर राखणे आवश्यक ठरते. अन्यथा कोणत्या सवलतीमुळे प्रसार वाढला हे कळत नाही.

३. टाळेबंदी विषाणू नष्ट करीत नाही, ती वेळ मिळवून देते. त्या वेळात चाचणी, संपर्कशोध आणि विलगीकरण यांची व्यवस्था उभी राहिली तरच संपूर्ण समाजावरील भार उतरवून तो यंत्रणेकडे सोपविता येतो.

४. निर्बंधांचा लाभ आणि त्यांची झळ या दोहोंची विभागणी विषम असल्याने शिथिलीकरणाचा विचार केवळ रोगपरिस्थितीविज्ञानाच्या कक्षेत पूर्ण होऊ शकत नाही. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, नगररचना आणि लोकप्रशासन या विद्याशाखांचा त्यातील सहभाग अपरिहार्य आहे.