हँडिकॅप म्हणजे तुमची सरासरी नव्हे!

ज्यांना हा भाग ऐकायला सवड झाली नाही, त्यांच्यासाठी तो इथं लिहून देतोय. बोलण्याच्या ओघातली वाक्यं थोडी सरळ केलीत, आकडेमोड मात्र सगळी ठेवलीय. कागद-पेन जवळ असू द्या.

आजचा विषय आहे गोल्फचा हँडिकॅप. कोल्हापुरात बसून गोल्फ कशाला, असं म्हणाल. पण यातला मूळ प्रश्न आपल्या चांगला ओळखीचा आहे. जत्रेतल्या कुस्त्या आठवा. चाळीस किलोच्या पोराला ऐंशी किलोच्या गड्यापुढं कुणी उभं करत नाही. वस्ताद मंडळी नजरेनंच अंदाज घेतात आणि तोलामोलाची जोड लावतात. जोड बरोबर लागली तर खासबागेत माणूस जागचा हलत नाही. चुकली की दोन मिनिटांत चितपट, बघणाऱ्याचाही हिरमोड.

गोल्फनं दुसरी वाट धरली. जोड तोलामोलाची नसली तरी खेळू द्यायचं, फक्त कमी ताकदीच्या खेळाडूला आधीच काही फटक्यांची सवलत द्यायची. ती सवलत म्हणजे हँडिकॅप. शब्द जुन्या इंग्लंडातल्या ‘हँड इन कॅप’ नावाच्या अदलाबदलीच्या खेळातून आला. दोघांच्या वस्तूंच्या किमतीत किती फरक, हे तिसरा माणूस ठरवायचा. पुढं तो शब्द घोड्यांच्या शर्यतीत शिरला. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर आजही हँडिकॅप शर्यतीत सरस घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देतात.

आता हिशोब. गोल्फमध्ये जितके फटके कमी, तितका खेळ चांगला. पूर्वी जगात हँडिकॅप काढायच्या सहा वेगवेगळ्या पद्धती होत्या. २०२० पासून त्या एकत्र करून जागतिक पद्धत सुरू झाली. तिच्यात प्रत्येक मैदानाला दोन आकडे असतात. पहिला ‘कोर्स रेटिंग’, म्हणजे हँडिकॅप शून्य असलेला खेळाडू तिथं साधारण किती फटक्यांत खेळ संपवेल. दुसरा ‘स्लोप’, म्हणजे त्याच्या तुलनेत सामान्य खेळाडूला ते मैदान किती जास्त जड जाईल. स्लोप ५५ ते १५५ मध्ये असतो आणि ११३ हा प्रमाण आकडा धरतात.

समजा, आपले सदाभाऊ एका अवघड मैदानावर ९५ फटक्यांत खेळले. तिथलं रेटिंग ७०.६, स्लोप १२४. आधी वजाबाकी करा: ९५ वजा ७०.६, उरले २४.४. त्याला ११३ नं गुणा, १२४ नं भागा. आले २२.२. याला म्हणतात ‘स्कोअर डिफरेन्शियल’.

आता तेच ९५ फटके सोप्या मैदानावर धरा. रेटिंग ६८, स्लोप ११३. उत्तर येतं २७. फटके तेवढेच, पण पहिल्या मैदानावरचा खेळ सरस ठरला. हवा फारच वाईट किंवा फारच अनुकूल असेल तर त्या दिवसासाठी यात थोडा फेरफारही होतो.

एखाद्या होलवर चेंडू पाण्यात गेला, झाडीत गेला आणि ११ फटके लागले तर? तेवढ्यावरून सगळा हिशोब बिघडू नये म्हणून मर्यादा आहे. त्या होलचा पार, अधिक २, अधिक तिथं मिळणारी सवलत. पार ४ आणि सवलत एका फटक्याची असेल, तर हँडिकॅपसाठी ७ च धरायचे.

आता महत्त्वाचं. शेवटचे २० डिफरेन्शियल घ्यायचे, त्यातले सर्वांत चांगले ८ निवडायचे आणि फक्त त्यांची सरासरी काढायची. हा झाला ‘हँडिकॅप इंडेक्स’. म्हणजे हा आकडा तुमच्या रोजच्या खेळाचा नाही, चांगल्या दिवसांचा आहे. म्हणून ‘मी माझ्या हँडिकॅपइतकं खेळतच नाही’ अशी तक्रार करणाऱ्यांनी मनाला लावून घेऊ नये. बहुतेक दिवशी तसंच व्हायचं.

सदाभाऊंचा इंडेक्स २० आला असं धरू. अवघड मैदानावर जायचं तर २० गुणिले १२४ भागिले ११३, अधिक रेटिंग वजा पार. तिथला पार ७२ असेल तर उत्तर साधारण २०.५५, म्हणजे २१ फटके. अठराही होलवर एकेक आणि सर्वांत अवघड तीन होलवर आणखी एकेक. सोप्या मैदानाचा पार ७० असेल, तर तिथं १८ च मिळतील. एकेकट्यानं खेळायच्या स्ट्रोक प्ले स्पर्धेत सहसा याचेही ९५ टक्केच धरतात.

व्यावसायिकांना ही सवलत नसते. पुण्याचे उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळले ते एकाही फटक्याच्या सवलतीशिवाय. हँडिकॅप आहे तो हौशी माणसासाठी.

आणि इथंच खरी मेख आहे. पैलवानाचं वजन काट्यावर दिसतं. गोल्फमध्ये काटा तुमच्याच हातात असतो, कारण कार्डावर आकडा तुम्ही आणि तुमच्या जोडीदारानं लिहायचा. कुणी मुद्दाम वाईट खेळून हँडिकॅप फुगवतं आणि बक्षिसाच्या दिवशी उचलतं. कुणी मिरवण्यासाठी वाईट कार्डं दडवून आकडा छोटा ठेवतं. पद्धतीनं बंदोबस्त केलाय: वर्षभरातल्या सर्वांत कमी इंडेक्सपेक्षा तुमचा आकडा ३ नं वाढला की पुढची वाढ निम्मीच धरतात, आणि ५ च्या वर वाढूच देत नाहीत. उलट, इंडेक्सपेक्षा ७ किंवा जास्त फटक्यांनी सरस खेळलात, तर आकडा जादा कापतात.

पण सूत्राला खरं-खोटं कळत नाही, त्याला फक्त वीस आकडे कळतात. ते खोटे असतील, तर नवख्या पोराला प्रामाणिकपणे खेळून जिंकायची जी एक संधी मिळते, तीच आपण हिसकावतो. म्हणून खेळायला लागलात तर पहिल्या दिवसापासून प्रत्येक कार्ड भरा, चांगलं असो वा वाईट. तीन पूर्ण फेऱ्या झाल्या की पहिला इंडेक्स मिळतो.

कुठं अडलं तर कळवा, पुढच्या भागात उत्तर देऊ. तोवर राम राम!