गोठलेला बलक पुन्हा पातळ का होत नाही?

पाणी गोठले की बर्फ होतो, आणि बर्फ वितळला की तेच पाणी परत मिळते. तेव्हा बदकाची अंडी स्वस्त असताना घ्यावीत, गोठवून ठेवावीत आणि पुढे केकसाठी वापरावीत, असे कोणालाही वाटेल. (बदकाची अंडी आपल्यापेक्षा केरळ, बंगाल, आसाम या भागांत अधिक खाल्ली जातात. तुम्हांला ती मिळाली नाहीत तर कोंबडीची घ्या. शास्त्र तेच आहे.) पण यात दोन अडचणी येतात.

पहिली कवचाची. बदकाच्या अंड्यात कवच सोडून सुमारे ७० ग्रॅम पदार्थ असतो आणि त्यात सुमारे ४९ ग्रॅम पाणी. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्के वाढते. म्हणजे सारे पाणी गोठले, तर ४ घनसेंटिमीटरहून अधिक जादा जागा हवी. ताज्या अंड्यातील हवेची पोकळी तेवढी नसते, आणि कवच काही ताणले जात नाही, ते तडकते. म्हणून अंडे फोडून, आतला भाग झाकणाच्या डब्यात, वर थोडी जागा सोडून गोठवावा.

दुसरी अडचण अधिक मनोरंजक आहे. तीन वाट्या घ्या. एकीत अंड्याचे पांढरे, दुसरीत नुसता बलक आणि तिसरीत साखर घोटलेला बलक ठेवा. १०० ग्रॅम बलकाला १० ग्रॅम साखर पुरे. बदकाच्या चार अंड्यांचा बलक साधारण तेवढा भरतो. वाट्या झाकून एक दिवस गोठवा आणि मग शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात वितळू द्या. पांढरे पूर्ववत पातळ होईल. नुसता बलक मात्र मलमासारखा घट्टच राहील. पिठात मिसळायला गेलात तर गुठळ्या होतील. साखरेचा बलक ओतता येईल.

असे का व्हावे? बर्फाची रंगीत कांडी चोखताना रंग आणि गोडी आधी निघून जाते व मागे फिका बर्फ उरतो, हे तुम्ही पाहिले असेल. बर्फाच्या स्फटिकात पाण्याखेरीज दुसऱ्या कोणाला सहसा जागा नसते. बलकात मेदाचे अतिसूक्ष्म कण प्रथिनांचे वेष्टण घेऊन पाण्यात तरंगत असतात. पाणी बर्फात जाऊ लागले की उरलेल्या थोड्या पाण्यात क्षार आणि हे कण यांची दाटी होते. वेष्टणे बिघडतात, कण एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे जाळे बनते. पुढे बर्फ वितळतो, पाणी परत येते. जाळे मात्र सुटत नाही. गुन्हेगार थंडी नव्हे, पाण्याचे निघून जाणे आहे! साखर विरघळलेली असली की त्याच तापमानाला अधिक पाणी द्रवरूपात राहते, आणि कण दूर राहतात. मिठानेही हेच साधते.

हा बदल साधारणपणे उणे ६ अंश सेल्सिअसच्या खाली होतो. तुमच्या शीतकपाटाचा बर्फाचा कप्पा जेमतेम बर्फ करणारा असेल, तर प्रयोग फसल्यासारखा वाटेल. साठवणीसाठी मात्र उणे १८ अंशच हवेत.

गोठवल्याने सगळे रोगजंतू मरत नाहीत. साल्मोनेला तग धरून राहू शकतो. म्हणून प्रयोगानंतर हात आणि वाट्या साबणाने धुवा. साठवलेले अंडे ओट्यावर वितळवू नका, आणि ते आतपर्यंत नीट भाजल्या जाणाऱ्या पदार्थातच घाला. केकचे कच्चे पीठ चाखू नका. आणि हो, बलकात घातलेली साखर केकच्या मापातून वजा करा.