कॅन्सर उलटला, महाग औषध सांगितलं. आता विचारायचं काय?

पेशंट बरा होऊन घरी येतो, वर्षभर कामालाही जातो आणि मग रिपोर्टमध्ये रक्ताचा कॅन्सर परत दिसतो. डॉक्टर नवं, महाग औषध सांगतात. वस्तीत आम्ही पाहतो, घरचे एकच विचारतात, "किती लागतील?" मग मंगळसूत्र मोडतं, खोली गहाण पडते. या पैशांत मिळणार काय, हे कोणी विचारत नाही. विचारलं तर आपल्या माणसाचा जीव पैशात तोलला असं वाटतं. नोकरीत होतो तेव्हा आम्हालाही तसंच वाटायचं.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न सरकारी पातळीवर विचारला गेला. मल्टिपल मायलोमा हा हाडांच्या मगजातला कॅन्सर, आटोक्यात येतो पण बहुधा उलटतो. त्यावरचं बोर्टेझोमिब हे इंजेक्शन तिथे व्हेलकेड या ब्रँडने फार महाग होतं. सरकारी आरोग्यसेवेत कोणतं औषध द्यायचं, हे तिथे 'नाइस' ही संस्था सांगते. तिचं माप असं : ठणठणीत तब्येतीचं एक वर्ष म्हणजे १, निम्म्या तब्येतीची दोन वर्षं म्हणजेही १. समजा, औषधाला ४ लाख लागले आणि त्यातून धडधाकट सहा महिने वाढले, तर एका वर्षाचा भाव पडला ८ लाख. तिथे तेव्हा साधारण २० ते ३० हजार पौंडांपर्यंतचा भाव चालत असे. व्हेलकेड त्यात बसेना, म्हणून आधी नकार मिळाला. पेशंट खवळले.

२००७ मध्ये तोडगा निघाला. कॅन्सर पहिल्यांदा उलटला की जास्तीत जास्त चार सायकल द्यायच्या. रक्तातलं एम प्रोटीन निम्म्याने तरी उतरलं, तर औषध पुढे चालू. नाही उतरलं तर बंद, आणि त्या पेशंटच्या औषधाचे पैसे कंपनीने परत करायचे.

भारतातही २०१७ पासून केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागात असं मोजमाप होतं. वर्षाचा भाव काढणं हे सरकारचंच काम. घरात बसून कुणी म्हातारीच्या जिवाची किंमत करू नये. पण औषधाचा गुण विचारायला आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही. गुण आला हे कोणत्या तपासणीवरून कळेल? किती सायकलनंतर? नाही आला तर थांबायचं का? उत्तर डॉक्टरांकडून फाइलवर लिहून घ्या.

ब्रँडवर जाऊ नका, औषधाचं मूळ नाव विचारा. बोर्टेझोमिब आणि लेनालिडोमाइड भारतीय कंपन्याही बनवतात. दोन्ही २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहेत, म्हणजे त्यांच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे. आणि खोली गहाण टाकण्याआधी रेशनकार्ड घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला गाठा. सांगितलेलं औषध जनआरोग्य योजनेत बसतं का, हे पहिल्या इंजेक्शनच्या आधी विचारा, नंतर नाही.