वाक्याला कर्ता हवा

दारू सोडायला आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी लिहायला वही देऊन उपयोग नसतो. हात थरथरत असतो. बँकेतली सही जुळेनाशी झाली तेव्हाच कित्येकांच्या घरी व्यसनाचा पहिला लेखी पुरावा पोचलेला असतो. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवलं की घाम, उलट्या, निद्रानाश सुरू होतो. काहींना फिट येते, काहींना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास होऊ लागतात, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. हे दिवस डॉक्टरांचे, औषधांचे, थायमिनच्या इंजेक्शनचे. अक्षर ओळीवर राहू लागलं की मग वहीची पाळी.

पुण्याचं ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र लेखनातूनच उभं राहिलं. अनिल अवचटांनी गर्दच्या (ब्राउन शुगरच्या) व्यसनाविषयी लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला आले, आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचटांनी कामाला सुरुवात केली. पण ते झालं व्यसनी माणसाबद्दल दुसऱ्याने लिहिलेलं. त्याने स्वतः स्वतःबद्दल लिहायचं तर अडचण निराळी येते. त्याला शब्द सुचत नाहीत असं नाही, ते फार सुचतात.

पिणारा माणूस वर्षानुवर्षं एकाच कलेचा रियाज करत असतो, कारणं देण्याच्या. ऑफिसला उशीर का झाला, पगार कुठे गेला, तोंडाला वास कसला येतोय, सगळ्याची गोष्ट तयार. 1919 साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’तला सुधाकर दारूविषयी किती उत्तम बोलतो! प्रेक्षक त्या बोलण्यावर खूश होत आले, पण सुधाकर त्याने सुटला नाही. म्हणून पहिल्या काही दिवसांत ‘माझं आयुष्य’ किंवा ‘दारू : एक शाप’ असे विषय देऊच नयेत. त्यावर झकास निबंध येतो आणि हाती काही लागत नाही.

त्याऐवजी एकच दिवस लिहायला सांगावा. शेवटचा प्यायलेला दिवस, घड्याळासकट. सकाळी किती वाजता जाग आली, पहिला घोट कधी आणि कशातून, क्वार्टर कुठून आणली, पैसे कुणाचे, बाटली कुठे लपवली (पाण्याच्या टाकीमागे, स्कूटरच्या डिकीत, देवघराच्या खालच्या कप्प्यात), चकण्याला काय होतं, मुलगी त्या वेळी काय करत होती. विशेषणं नकोत. ‘भयंकर’, ‘लाजिरवाणं’ हे शब्द आले की काट मारायची आणि त्या जागी काय घडलं ते लिहायचं.

हे लिहिताना मध्येच एक खड्डा येतो. नऊपर्यंतचं आठवतं, मग एकदम सकाळ. भरपूर दारू वेगाने पोटात गेली की मेंदूची नव्या आठवणी नोंदवण्याची यंत्रणाच काही तास बंद पडते. माणूस चालतो, बोलतो, भांडतो, पण नोंद होत नाही. नोंदच नसेल तर कितीही डोकं खाजवून ती परत येत नाही. अशा जागी अंदाजाने काही भरायचं नाही. वहीत तेवढ्या ओळी कोऱ्या सोडायच्या. एखाद्याच्या पानावर चारच ओळी अक्षरं आणि अकरा ओळी कोऱ्या असल्या, तरी तो दिवस खरा उतरला असं मी म्हणेन.

या एका दिवसाचा उपयोग पुढे, तलफ आल्यावर होतो. तलफेच्या क्षणी मनाला पहिल्या पेगची ऊब आठवते आणि सकाळची ओकारी मात्र ते विसरतं. कागदावर दोन्ही एकाच पानावर असतात. तलफेचं स्वतंत्र पानही ठेवावं : वेळ, जागा, अंगात कुठे काय होतंय, त्याआधीच्या तासाभरात काय झालं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांनी तलफेला लाटेची उपमा दिली. ती चढते, शिखराला जाते आणि तिला खाद्य मिळालं नाही तर ओसरते, बहुधा अर्ध्या तासाच्या आत. तेवढा वेळ हाताला पेन आणि डोळ्याला घड्याळ पुरतं. अशी पंधरा-वीस पानं जमली की ती शेजारी मांडून बघावीत. समजा, एकाच्या बारा पानांवर शनिवारची संध्याकाळ निघाली, तर दुसऱ्याच्या पानांवर दर वेळी आधी मेव्हण्याचा फोन. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा हे चौघे तर सगळ्यांच्याच वहीत भेटतात.

आता व्याकरणाकडे येतो, कारण माझ्या मते खरं काम तिथेच आहे. आपल्या भाषेत कर्त्याला लपायला फार सोयी आहेत. ‘भांडण झालं.’ ‘हात उचलला गेला.’ ‘थोडी जास्त झाली.’ ‘पैसे संपले.’ ‘बांगड्या गहाण पडल्या.’ वाक्यं शुद्ध आहेत, फक्त माणूस गायब आहे. बांगड्या जणू आपल्या पायांनी सोनाराकडे गेल्या! सराव साधा आहे : लिहिलेलं पान घ्यायचं, असली प्रत्येक क्रिया लाल पेनाने अधोरेखित करायची आणि त्या वाक्याला कर्ता द्यायचा. ‘मी हात उचलला.’ ‘मी तिच्या बांगड्या गहाण ठेवल्या.’ एवढ्या बदलाला कुणाला दहा मिनिटं लागतात, कुणाला दोन आठवडे. मात्र उलट टोकही सांभाळावं. बापाच्या माराचं, नोकरी गेल्याचं ओझंसुद्धा ‘मी’वर टाकणारे असतात. जे दुसऱ्याने केलं त्याला दुसरा कर्ता द्यायचा.

असा लेखी हिशेब ही काही नवी युक्ती नाही. 1935 साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावी सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्यांत चौथी पायरी स्वतःच्या आढाव्याची आहे आणि तो कागदावर उतरवण्याची रीत आहे. आठवीत आपण दुखावलेल्यांची यादी करायची. मला यातली पाचवी पायरी सर्वांत शहाणी वाटते. चौथीत जे निघालं ते तिथे दुसऱ्या माणसासमोर मोकळेपणाने मांडायचं असतं. ऐकणारा स्वतः पिऊन बाहेर आलेला असेल तर थाप कुठे मारली ते त्याला बरोबर कळतं, कारण तीच थाप त्याने घरी मारलेली असते. तुषार नातूंसारखे, व्यसनातून बाहेर येऊन समुपदेशक झालेले लोक ‘नशायात्री’सारखं पुस्तक लिहितात तेव्हा वाचणाऱ्यालाही असाच एक जाणकार सोबती मिळतो.

मग पत्रं. व्यसनमुक्तीत दारूला निरोपाचं पत्र लिहायला सांगण्याची पद्धत बरीच रुळलेली आहे, आणि मराठीत तिला एक आगळी गंमत येते. मायना काय घालणार? ‘प्रिय’ लिहिलं तर ओढ कबूल झाली. ‘ती.’ लिहिलं तर तिचा वडीलकीचा अधिकार मान्य केला. ‘चि.’ म्हणजे तिला दीर्घायुष्य चिंतलं. कुणी उत्साहात ‘कै.’ लिहितो, त्याला हळूच सांगावं, इतक्यात नको. शेवटी ‘तुझा’ लिहायचं की नुसतं नाव, यावरही पेन अडतं. पाकिटात न घातलेलं दुसरं पत्र वारलेल्या आईला किंवा बोलणं टाकलेल्या भावाला. ते पाठवण्यासाठी नसतं, त्यामुळे त्यात माफी मागण्याची घाई नसते.

मनातलं दुखणं लिहून काढण्याचा पद्धतशीर अभ्यास मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी केला. सँड्रा बील यांच्यासोबत केलेल्या, 1986 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक अनुभवावर लिहिलं. पुढच्या काही महिन्यांत त्यांचं आरोग्यकेंद्रात जाणं इतरांहून कमी भरलं. मात्र 2006 साली जोअन फ्राटारोली यांनी अशा 146 प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला तेव्हा फायदा दिसला, पण लहानसा. शिवाय लिहून झाल्याझाल्या बरं वाटत नाही, बहुतेकांना आधी जास्त वाईट वाटतं. म्हणून जखमेवरचं लेखन सकाळी करावं, जवळ कुणी असताना करावं. रात्री एकट्याने, बार बंद व्हायला तास उरलेला असताना तर नकोच. एखादी आठवण पेलत नसेल तर तिथे थांबून विषय बदलावा. जीव नकोसा वाटू लागला तर वही मिटून समुपदेशकाला किंवा 14416 या टेलि-मानसच्या क्रमांकाला फोन लावावा.

थेट ‘मी’ने लिहवत नसेल तर ‘तो’ करून लिहावं. त्याला नाव द्यावं, गाव बदलावं, कंडक्टर असेल तर त्याला पोस्टमन करावं. गोष्ट म्हटल्यावर माणूस आपल्याच पात्राकडे जरा लांबून बघतो आणि बायकोच्या तोंडी वाक्य घालायची वेळ आली की थबकतो. ती त्या वेळी नेमकं काय म्हणाली असेल, हा प्रश्न त्याला बरेचदा पहिल्यांदाच पडलेला असतो. लिहिता न येणाऱ्याने सांगावं, सोबत्याने जसंच्या तसं उतरवावं. शुद्धलेखन कुणी तपासायचं नाही.

वही कुणाची, हे आधीच ठरवून घ्यावं. एका खोलीच्या घरात कुलूप लागणारा कप्पा नसतो, तेव्हा काही पानं केंद्रातच ठेवलेली बरी. आणि मध्येच पुन्हा प्यायला तर? आता सगळं वाया गेलं, असं म्हणून वही फाडायची आणि त्याच तिरमिरीत आठवडाभर प्यायचं, ही नेहमीची वाट. त्याऐवजी तारीख, वेळ, किती, कुणाबरोबर, आणि त्याआधीच्या दोन दिवसांत काय चाललं होतं, हे पुढच्याच पानावर लिहिलं की ती घसरण एका नोंदीएवढी राहते.

काही महिन्यांनी, दोघांची तयारी असेल तर, शेवटच्या प्यायलेल्या दिवसाचं ते पान घरी उघडावं. त्याने सोडलेल्या कोऱ्या ओळी बायको आपल्या अक्षरात भरते. नऊ ते सकाळ, तिच्या घड्याळाप्रमाणे.