दहा डॉलरचं तळं आणि गोट्यांवरून ओलांडायची मिसिसिपी

अमेरिकेला मुलांकडे जाणाऱ्यांची यादी ठरलेली असते: नायगारा, ग्रँड कॅन्यन, जमलं तर यलोस्टोन. राज्य सरकारं चालवतात त्या स्टेट पार्कांकडे फारसं कुणी वळत नाही. खरी धमाल तर तिथल्या तळ्यांकाठी आहे!

मिनेसोटातलं इटास्का घ्या. तिथल्या सरोवरातून मिसिसिपी बाहेर पडते ती जेमतेम 20 फूट रुंद. उन्हाळ्यात पोरंटोरं पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, गोट्यांवर तोल सावरत ही बलाढ्य नदी चक्क ओलांडतात. तेच पाणी मेक्सिकोच्या आखाताला मिळायला सुमारे 90 दिवस लागतात.

हे उद्यान 1891 साली मंजूर झालं, तेही एका मताच्या फरकाने. जंगलतोड मात्र थांबली नाही. 1903 मध्ये उद्यानप्रमुख वारले आणि जबाबदारी त्यांच्या 24 वर्षांच्या मुलीवर, मेरी गिब्जवर आली. ओंडके वाहून न्यायला बांध घालून पाणी तुंबवलेलं, काठची झाडं बुडत चाललेली. मेरी थेट बांधावर गेली. बांधाच्या दरवाजाला हात लावाल तर गोळी घालू, अशी तिथल्या लाकूडतोड्यांच्या बंदूकधाऱ्यांची धमकी होती. तिने हात लावलाच! गोळी सुटली नाही. पुढे काही महिन्यांतच तिला पद सोडावं लागलं, पण उगमाशेजारच्या केंद्राला आज तिचंच नाव आहे. उगमाचा फोटो काढायच्या आधी तिथे जरूर डोकवा.

याच मिसिसिपीने टेनेसीत एक तळं भरलं. 1811-12 च्या हिवाळ्यात भूकंपांमागून भूकंप झाले, जमीन खचली, नदी काही काळ उलटी वाहिली आणि खोलगट भागात पाणी साचलं. रीलफूट लेक ते हेच. उथळ पाण्यात सायप्रसची झाडं उभी आहेत. त्यांच्या बुंध्यांना वळसे घेत होडी हाकायची, आणि हिवाळ्यात गेलात तर नजर वर ठेवायची, कारण तेव्हा पांढऱ्या डोक्याचे गरुड मुक्कामाला येतात.

पोहता न येणाऱ्यांनी युटामधल्या अँटिलोप आयलंडला जावं. तिथल्या ग्रेट सॉल्ट लेकचं पाणी इतकं खारट की अंग आपोआप तरंगतं. मासे त्यात टिकत नाहीत, पण इवल्याशा ब्राइन श्रिंपची चंगळ असते. त्यांची अंडी जगभरच्या कोळंबी संवर्धन केंद्रांत पिल्लांच्या खाद्यासाठी जातात. बेटावर 1893 मध्ये होडीतून 12 गवे आणले होते, आता तिथे शेकडोंचा कळप आहे. दर शरदात घोडेस्वार त्यांना हाकत एकत्र आणतात, तो धुरळा बघायला माणसं लांबून येतात.

माझं सर्वांत लाडकं ठिकाण मात्र मिशिगनचं किच-इटी-किपी. 40 फूट खोल झरा, पण तळ लख्ख दिसतो. मिनिटाला 38,000 लिटरच्या आसपास पाणी उसळतं, वाळू सतत घुसळत राहते. तापमान बारा महिने 7 अंश, त्यामुळे कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही. झऱ्यावर फिरायला तराफा आहे. त्याला इंजिन नाही, पर्यटकांनीच चाक फिरवून तारेवरून तो पुढे न्यायचा आणि मधल्या चौकोनातून खालचे धष्टपुष्ट ट्राउट बघायचे. जॉन बेलेअर या दुकानदाराला या जागेचं वेड. त्याच्या खटपटीमुळे 1926 मध्ये 90 एकर जमीन राज्याला फक्त 10 डॉलरना मिळाली!

इथे पोहायला आणि मासेमारीला बंदी आहे. झऱ्याचं पाणी शेजारच्या इंडियन लेकला मिळतं, तिथलं स्टेट पार्क मुक्कामाला उत्तम. तंबू तिथे ठोका, डुंबा, गळही टाका.